अर्धं ताट भाजी

२ ऑगस्ट, शनिवार

साखर तीनशे चाळीस! डाव्या अंगठ्याची जखम चिघळलीय. डॉक्टरबाई स्पष्टच म्हणाल्या — साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. गोळ्या वाढवल्या. आणि जेवताना अर्धं ताट भाजी, तीही आधी. मग एकच भाकरी.

लोणावळ्याच्या रुळांवर याच पायांनी जन्म काढला. आता पाला खाऊन पाय वाचवायचा म्हणे!

बायको, सरू, शेजारीच बसून ऐकत होती. कुरवंड्याला घरी आल्यावर म्हणाली, "भाजीचं माज्यावर सोडा. तुमी निस्तं गिळा."

५ ऑगस्ट, मंगळवार

टाकळा. कालही टाकळा. मी काय बकरं आहे?

१० ऑगस्ट, रविवार

सरू डोंगराला जाऊन कुर्डू घेऊन आली. पदर भिजलेला, पोटऱ्यांवर ओरखडे. एवढा मोठा भारा, शिजल्यावर मूठभर! मी चिडलो, "अर्धं ताट सांगितलंय, एवढ्यानं काय होतंय?" तिनं कढईतली सगळी माझ्या ताटात ओतली. मी उठल्यावर मग ती जेवायला बसली. आईच्या वेळेपासून आमच्यात तसंच आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन. नंतर खीर. सरूनं माझ्या हातातली वाटी हिसकावली — चारचौघांत! "दानाची खीर टाकायची न्हाई," म्हणाली, आणि स्वतःची संपवून माझीही पिऊन टाकली. लय राग आला.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोनशे दहा! जखमेच्या कडा भरून यायला लागल्या. "असंच चालू ठेवा, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. आता दोडका म्हणू नका, कारलं म्हणू नका — कढई पुसून खातो!

१८ सप्टेंबर, गुरुवार

भाजीत मीठ दोनदा पडलं. ओरडलो. सरू म्हणाली, "डोळ्याम्होरं धुकं येतंय वो." म्हटलं, दरीतलं धुकं घरात शिरलं का काय? हसली. सारखी पाणी पिते हल्ली. बारीकही झालीय. कष्ट पडतात बिचारीला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे तीस. जखम भरली. अंगठा वाचला! घरी येऊन रडलो — लिहायला लाज कसली? सरूला म्हटलं, तुझ्यामुळं गं. तिचा हात धरायला हात पुढं केला. तिला तो दिसलाच नाही.

उद्याच डोळे दाखवायला नेतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सरूची साखर चारशेच्या वर. बऱ्याच वर्षांची असणार म्हणे. उजव्या डोळ्यात आत रक्त उतरलंय, त्या डोळ्यानं आता दिसायचं नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, जेवणात काय असतं तुमच्या?"

"भात," सरू म्हणाली. "भाजी ह्यास्नी लागती."