पस्तीस घोड्यांची मोटर

लिक्सलिप, आयर्लंड
१९ ऑगस्ट २००६

आदरणीय व्याही श्री. प्रभाकरराव यांस,

लिक्सलिपहून गुरुनाथचा वाकून नमस्कार. (कंबर वाकू देते तेवढाच, उरलेला गोड मानून घ्यावा.) आपली शुगर, पद्मिनीबाईंचे गुडघे आणि आपल्या सोसायटीची गळकी टाकी या तिन्हींची चौकशी सौ. विमलने करायला सांगितली आहे, ती केली. इकडे सारंग-स्वप्ना खुशाल आहेत. आपली नात रेवा हिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या इंग्रजीत येतं. जेवलीस का म्हणून विचारलं तर 'आयॅम ग्रँड' (म्हणजे इथल्या भाषेत 'मजेत आहे') म्हणते आणि जेवत नाही. आपण दर रविवारी फोनवर बोलतो हे खरं, पण 'बरं आहे ना' आणि 'हो, तुमचं?' याच्यापुढे आपली गाडी सरकत नाही, आणि फोन लगेच बायकांच्या हातात जातो. म्हणून पत्र लिहायला घेतलं. जरा लांबेल. आपल्याला बँकेतून निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे (मला अजिबात नाही).

तर बातमी अशी, की येत्या १७ सप्टेंबरला, रविवारी, अॅथलोन गावाजवळच्या मोठ्या तळ्यावर जुन्या लाकडी होड्यांचा मेळावा आहे आणि त्यात आपला हा व्याही होडी चालवणार आहे. हसू नका. ही नावाड्याची वल्ह्यांची होडी नव्हे. ही मोटरची होडी, मागच्या फळीला बाहेरून मोटर टांगायची आणि सुसाट सुटायचं. मेळाव्यात नुसती होडी कुणी बघत नाही, होडी आणि मोटर यांची जोडी बघतात. दोघांचं साल जुळतं का, वजन झेपतं का, रंगरूप शोभतं का, हे सगळं तपासून झालं की बेटाला एक फेरी मारून दाखवायची. उत्तम जोडीला पितळी पाटी मिळते. ती पाटी मला हवी आहे. आडपडदा कशाला ठेवू, मला ती हवीच आहे.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. आमची तीन महिन्यांची पाळी ३ जुलैला सुरू झाली. (व्हिसाच तीन महिन्यांचा, म्हणून आधी आम्ही, मग तुम्ही. आमचं विमान चढतं तेव्हा तुमचं उतरायला निघालेलं असतं, हे चार वर्षं चाललंय.) रेवाला एक वाजता क्रेशमधून (पाळणाघरातून) आणणं सोडलं तर मला दिवसभर काम नाही. शेजारी डेक्लन राहतो, निवृत्त पोस्टमन, माझ्याच वयाचा, अंगाने काटकुळा. त्याचं गॅरेज उघडं होतं, आणि आत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली चौदा फुटी महोगनीची होडी! त्याच्या वडिलांनी १९५९ साली स्वतःच्या हाताने बांधलेली. मूळची मोटर वडिलांनीच कधीतरी विकून टाकली आणि तेव्हापासून होडी उपवर बसलेली. डेक्लनने मला विचारलं, इंजिनातलं काही कळतं का? प्रभाकरराव, एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न! मी म्हणालो, थोडंफार. आणि होड्यांतलं? त्यालाही हो म्हणालो. (माझा होडीचा अनुभव म्हणजे अंबाझरी तलावावर १९७९ साली विमलबरोबर पायडल मारलेली बदकाची बोट. पण पायडलही मी एकट्यानेच मारलं होतं.)

डेक्लनकडे दोन जुन्या मोटरी पडून होत्या. एक चार घोड्यांची (म्हणजे हॉर्सपॉवरची), तिने होडी ढकलली तर होडीचा अपमान झाला असता. दुसरी अठरा घोड्यांची, निळी, १९६१ची. डेक्लनच्या मते तीच योग्य. तिच्या पायाची लांबीही होडीच्या फळीला अगदी बेतशीर, पंखा पाण्यात हवा तेवढाच बुडणारा. मी साफ नकार दिला. एक तर सालात दोन वर्षांचा फरक, दुसरं म्हणजे अठरा घोडे! बापा, अठरा घोड्यांत आमच्या एसटीचा हॉर्नसुद्धा वाजला नसता. शेवटी पेपरातल्या जाहिरातीवरून मलिंगर गावच्या एका शेतकऱ्याकडे, गवताच्या गंजीखाली मला ती सापडली: पस्तीस घोडे, साल १९५९, पांढरी-तांबडी, वर पितळेचं टोपण. पायाची लांबी मी पायजम्याच्या नाडीने मोजून नेली होती, तीही जुळली. डेक्लन म्हणाला, जड आहे. मी म्हणालो, दमदार आहे. त्याने जास्त वाद घातला नाही. इथली माणसं फार सज्जन, समोरच्याला चुकू देतात.

मोटर खोलली, घासली, तिचा कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) हिंगाच्या डबीशेजारी वाळत ठेवला. स्वप्नाने त्या दिवशी आमटीला फोडणी देताना दोनदा वास घेतला आणि फोडणी तशीच पुढे दिली. आपले संस्कार. मग मोटर चालवून बघायची वेळ आली. अशी मोटर पाण्याशिवाय चालवली तर तापून जळते, म्हणून इथे कचऱ्याच्या मोठ्या चाकांच्या बिनात पाणी भरून त्यात तिचा पाय बुडवतात. मी बिन भरला. तो आधी धुवायचा असतो, हे सांगायचं डेक्लनच्या लक्षात राहिलं नाही. दोरी ओढली, आणि प्रभाकरराव, सत्तेचाळीस वर्षांची ती बया पहिल्या हिसक्याला बोलली! काय आवाज, काय जोम! पंख्याने बिनातलं सगळं वर उसळवलं, ते कुंपणापलीकडे गेलं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं. त्यात स्वप्नाचा ऑफिसचा पांढरा शर्ट होता. तरीही ती मला म्हणाली, बाबा, मोटर छान चालू झाली हो. असली मुलगी वाढवल्याबद्दल तुमचे आभार मानायचे सहा वर्षं राहून गेले, ते आत्ता मानतो.

होडी तळ्यावर नेली तेव्हा आणखी एक प्रकार झाला. डेक्लनने होडी धक्क्याला बांधली, पाण्यात सोडली आणि सँडविच आणायला गेला. मी बघतो तर तळाच्या फटीफटीतून पाणी आत! क्षणात घोट्यापर्यंत. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रेवाच्या वाळूच्या बादलीने दीड तास पाणी उपसलं. एकदाही थांबलो नाही. डेक्लन परतला, मला चहा दिला, मोठी बादली घेतली आणि तळ्यातलं पाणी परत होडीत ओतायला लागला. म्हणे वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी आपोआप बुजतात, म्हणून नवी-जुनी लाकडी होडी चार दिवस मुद्दाम बुडवून ठेवायची असते. हे मला ठाऊकच होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नाही. चार दिवसांनी खरोखरच एक थेंब आत येईना. अशी विद्या आपल्याकडे कोकणात असेल. आम्ही नागपूरकर काय करणार, आमच्याकडे पाणीच उन्हाळ्यात बुडतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी पस्तीस घोडे मागे लावून मी एकटा निघालो. धक्क्यावर सारंग, स्वप्ना, विमल, रेवा. मोटरीचा दांडा पिळला आणि होडीने नाक वर केलं. आणखी वर. आणखी वर. शेवटी मला समोर तळं दिसेना, नुसतं आकाश आणि होडीचं चकचकीत पोट. मी मागे बसलेलो, मोटरही मागे, पुढे कुणीच नाही. होडी जवळजवळ उभीच राहिली. रेवा टाळ्या पिटत होती. मी वेग कमी न करता (ती हिंमत आपल्यात असतेच) बोरूच्या गचपणात शिरलो आणि दोन राजहंसांना तिथून उठवलं. पुढच्या वेळी पुढच्या फळीवर वीस-वीस किलोच्या बासमतीच्या दोन गोण्या ठेवल्या, त्या वळणावर घसरून माझ्या मांडीवर आल्या. डेक्लनला पुढे बसवून बघितलं, पण त्याचं वजन ते किती. होडीला तो जाणवलाही नाही. शिवाय नियम असा आहे की फेरीत सुटी वजनं चालत नाहीत, पुढे वजन हवंच असेल तर माणूसच बसवला पाहिजे. मोटरीत इतकी ताकद आहे, त्याला मी काय करणार?

आणि हो, लिहितोच आहे तर तेही लिहून टाकतो. सारंगच्या लग्नाला आमची बस वाघोलीजवळ बंद पडली. समोर रस्त्यापलीकडे गॅरेज असून मी कुणाला हात लावू दिला नाही, अडीच तास खाली झोपून स्वतः खटपट केली, आणि मुहूर्त टळून नवरदेव रिक्षातून कार्यालयात उतरला. तेव्हा तुम्ही भर मांडवात म्हणालात, मुलगा इंजिनिअर, वडील मेकॅनिक आणि वरात रिक्षाने. लोक हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मला सहा वर्षं लागून राहिलंय, प्रभाकरराव. (बसचा डिझेल फिल्टर तुंबला होता. गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत काढला असता. हे मी आजवर विमललाही सांगितलेलं नाही.) मला या मोटरीचं इतकं वेड का, हे सारंग विचारतो. त्याला काय सांगणार?

असो. पद्मिनीबाईंना नमस्कार. तुमच्या सोसायटीच्या टाकीला आतून सिमेंटचा हात द्या, बाहेरून लावून काही होत नाही. इथे सगळे आनंदात आहोत आणि मी तर फारच.

तुमचा व्याही,
गुरुनाथ

ता. क. : तुमचं तिकीट ३० सप्टेंबरचं आहे. ते अलीकडे घेऊन १० सप्टेंबरपर्यंत इथे येता आलं तर पाहा. पितृपंधरवडा आहे, प्रवास कसा करायचा, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या आणि माझ्या वडिलांच्या पित्रांचं पान इथेच करू, विमल खीर करेल. प्रश्न पुढच्या फळीचा आहे. तुमचं वजन ब्याण्णव किलो आहे असं स्वप्नाकडून कळलं. यात तुमची थट्टा नाही. या कामाला असाच भारदस्त माणूस लागतो.

ता. क. २ : घरात झोपायच्या खोल्या तीनच, याची काळजी नको. तुम्ही दोघं आमच्या खोलीत झोपा. विमल रेवाजवळ झोपेल, मी खाली सोफ्यावर. मला सवय आहे. स्वेटर जाड आणा आणि थोडं मेतकूट.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालायच्या आधी स्वप्नाने वाचलं आणि म्हणाली, बाबा, माझ्या बाबांना खरं काय ते लिहा. तर खरं लिहितो. काल डेक्लनने ती निळी, अठरा घोड्यांची मोटर लावली. मी एकटा बसलो आणि होडी अशी सपाट, अशी सरळ गेली की बेटाला तीन फेऱ्या झाल्या तरी मला उतरावंसं वाटेना. जोडी तीच होती. माझं चुकलं होतं, आणि पस्तीस घोडे मी परत गवतात पाठवतोय. म्हणजे आता तुमच्या वजनाची काहीच गरज उरलेली नाही, आणि पितृपंधरवड्यात प्रवास करायला सबळ कारणही नाही. तरी या. मी रोज या तळ्यावर जातो, सगळे माझं कौतुक करतात, आणि परत येताना मला फार एकटं वाटतं. समोर तोंड करून बसलेलं, 'अहो, हळू चालवा, कुठं आग लागलीये' असं मराठीत ओरडणारं, माझ्या वयाचं माणूस मला इथे कुणी नाही.