थोडंथांब गावाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेली बाई, राहत्या घरी जेवणाच्या टेबलापाशी बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. माझ्या नणंदेचे याबाबत वेगळे मत असू शकेल. ते तिने नेहमीप्रमाणे मोठ्याने मांडावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

१. हे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला द्यावे. बँकेतली शिल्लक भाची आणि नणंद यांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि त्यावरून भांडू नये. भांडायला त्याहून चांगले विषय मी पुढे दिले आहेत.

२. मेण कोरायच्या सुऱ्या आणि प्लॅस्टर कालवायची रबरी वाटी नणंदेला. कवळ्यांचे साचे ओतून उरलेल्या प्लॅस्टरमधून मी आमच्या टेबलावरच्या खेळासाठी माणसे, घरे, पूल ओतत गेले आणि तिने ते रंगवले. तिचा हात चांगला आहे. हे तिला लेखी हवे होते, घे.

३. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे गाव. वकीलसाहेब, तुम्हाला हे नवे आहे म्हणून सांगते. दर शनिवारी या टेबलावर आम्ही एक खेळ खेळत आलो. मी गोष्ट सांगते आणि गोष्टीत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाचा आवाज काढते. बाकीचे एकेका वीराचे सोंग घेतात, आणि जमले की फसले हे फासे टाकून ठरते. वीर ड्रॅगनला मारायला निघाले होते. वाटेत एक गाव लागले. भाचीने विचारले, "मावशी, गावाचं नाव काय?" मला काही सुचेना. मी म्हटले, "थोडं थांब." तिने गंभीर चेहरा करून नकाशावर तेच लिहिले. ड्रॅगन अजून धडधाकट आहे, कारण गावातून पुढे कोणी गेलेच नाही.

थोडंथांबची नदी सकाळी डोंगराकडून येते आणि संध्याकाळी डोंगराकडे परत जाते. धुके घरात शिरले की लोक त्याला बसायला सांगतात. दिवे लावणारा म्हातारा आधी खिडकीतले चेहरे बघतो आणि मग उजेड किती ठेवायचा ते ठरवतो. हे मी बसून योजले नाही. कोणी विचारले की तोंडातून निघायचे, आणि एकदा निघाले की तसेच राहायचे. कारखान्यात साचे सुकत असताना मी त्या गल्ल्यांतून हिंडत असे. मालकांनी हाक मारली तर परत यायला मला जरा वेळ लागे, आणि ते म्हणत, "बाई, दात मोजताय की तारे?"

हे सबंध गाव, नदीसकट, भाचीला. ती बस चालवते. वाट चुकलेल्या माणसाशी कसे बोलायचे ते तिला शिकवावे लागणार नाही.

४. अपवाद राजाचा. त्याच्यासाठी मी वंशावळ केली, तीन राण्या दिल्या, विषप्रयोगाचा कट रचला. ही मंडळी राजवाड्याच्या दारापर्यंत गेली, पहारेकऱ्याला म्हणाली, "पाय दुखतोय का रे तुझा?" आणि सगळी संध्याकाळ त्याच्या टाचेवर औषध शोधत बसली. राजाला कोणी विचारले नाही याचा राग माझ्या मनात अजून आहे. हा राजा नणंदेला द्यावा. तिला मोठ्या लोकांचा सोस आहे.

५. पुलावरची जकातवाली शेजारच्या चष्मेवाल्यांना. ही बाई मी घाईघाईत केली. वीर पुलापाशी आले, तिथे कोणीतरी हवे होते. मी गालात जीभ धरून, आवाज बदलून म्हटले, "जकात द्या. पैसे नकोत. काल पडलेलं स्वप्न द्या." चष्मेवाले मोजके बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "माझी आई दुकानात आली होती. मी तिला ओळखलंच नाही. चष्म्याचा नंबर विचारला." टेबलावरचे फासे कोणी उचलले नाहीत. जकातवाली म्हणाली, "जा, पूल मोकळा आहे." पुढे प्रत्येक वेळी त्यांनी खरेच स्वप्न दिले. ती बाई त्यांचीच आहे, मी नुसती सांभाळली.

६. थोडंथांबमधल्या सरायीची, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या घराची, वरची खोली. या कलमावरून घरात वाद आहे, म्हणून सावकाश लिहिते.

माझे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पाळीने काम करत. पाळी संपवून तिरंदाजाचे सोंग घेऊन खेळायला बसत आणि ऐन लढाईत पेंगत. एकदा तर मुठीत फासे धरून घोरू लागले. मी जाहीर केले, "तिरंदाज दमलाय. तो सरायीत वर झोपायला गेला." तेव्हापासून टेबलाचा नियमच झाला. जो आला नाही तो वर झोपला आहे; आला की उठतो.

मग ते गेले. त्यानंतर पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा खुर्चीकडे न बघता मी म्हटले, "तिरंदाज वर झोपलाय." तो अजून झोपलेला आहे. सरायवाली त्याची चादर बदलते. सरायीत शिरले की वीर कुजबुजत बोलतात, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.

नणंदेला हे मान्य नाही. भर खेळात म्हणाली, "वहिनी, दादाला किती वर्षं असं निजवून ठेवणार? ड्रॅगनशी लढताना जाऊ दे ना एकदाचा. मानानं जाईल."

मी म्हटले, "झोपलेला माणूस तुझं काय घेतो गं?"

"माझं नाही, तुझं घेतो. त्या खोलीचं दार लोटलंयस का कधी?"

मी फासे डब्यात टाकले आणि खेळ मोडला. पुढचे काही शनिवार ती आली नाही. नियमाप्रमाणे तीही वर झोपली, शेजारच्या खोलीत, आणि ती घोरते अशी तक्रार मी सरायवालीच्या तोंडून केली.

तिचे म्हणणे मला आजही पटत नाही. माणूस एकदा गेला, तेवढे पुरे आहे. पण डॉक्टरांनी माझ्या तब्येतीचे खरे काय ते सांगितल्यापासून मला एकच काळजी लागली आहे. मी नसताना "तो झोपलाय" असे कोण म्हणणार? भाची म्हणेल, आणि जन्मभर म्हणत राहील. ते ओझे मला तिच्यावर टाकायचे नाही. न म्हणावे तर तो नुसताच विसरला जाईल, आणि तेही मला सहन होत नाही. म्हणून पुढे लिहिते तसेच करावे.

मी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी टेबलाशी बसावे. भाचीने गोष्ट सरायीतून सुरू करावी. दार नणंदेने लोटावे. तो तिचाच मान आहे. तिरंदाजाला उठवावे. त्याला लढाईला न्यायचे नाही, मारायचे नाही, त्याच्यासाठी फासे टाकायचे नाहीत. पुढे कुठे जायचे ते त्याचे तो बघेल. यजमानांच्या आवाजाची नक्कल कोणी करू नये. तो खाली येऊन चुलीपाशी बसेल आणि विचारेल, मध्यंतरी काय काय झाले? मग प्रत्येकाने सांगावे. गावाचे सांगता सांगता कोणी या घराचे सांगू लागला, भाची बस चालवायला लागली, चष्मेवाल्यांना नातू झाला, तर अडवू नये. हे सगळे मला यजमानांना सांगायचे होते.

माझे शेवटी सांगा. एकदम सांगू नका, ते घाबरतात. इतकी वर्षे उपाशी झोपले आहेत, आधी पोटभर जेवू द्या.

लिहून देणारी: (सही)

हा मजकूर बाईंनी आमच्यासमोर स्वतः वाचला आणि सही केली. यातले काहीही आमच्या वाट्याला येत नाही.

साक्षीदार: (सही) बाईंवर उपचार करणारे डॉक्टर
साक्षीदार: (सही) तळमजल्यावरची शिंपीण

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: आजचा शनिवार, मंडळी यायच्या आधी