बाईंची कवळी आणि माझी नोकरी

गुरुवार, १४ मार्च

सकाळी साडेपाचला उठलो. आंघोळ, चहा. दहा वाजता एजन्सीत गेलो, तीन कागदांवर सह्या केल्या, परत आलो. येताना साबण आणि ब्रेड आणला. जेवून जरा पडलो, झोप लागली नाही. आता चार वाजलेत.

प्रिय ठकू,

मला नोकरी लागली! तू म्हणशील, बाबांना काय झालं, नोकरी तर आहेच. नाही, नव्हती. आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मी तिचा दातांचा दवाखाना बंद केला. नवे डॉक्टर आले आणि त्यांनी मला कामावर ठेवून घेतलं, हे तुला सांगितलं ते खोटं होतं. आठ महिने दर रविवारी तू फोनवर विचारायचीस, नवे डॉक्टर कसे आहेत, आणि मी म्हणायचो, बरे आहेत. एकदा तर त्यांना सर्दी झाल्याचंही सांगितलं. असं का केलं ते शेवटी लिहितो. आधी बातमी नीट सांगू दे. फोनवर मला एवढं बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

कवळ्या आणि कॅपा बनवणाऱ्या माणसाने छपन्नाव्या वर्षी नोकरी शोधायची कशी, ते मला कळेना. म्हणून नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीत नाव घातलं. एकीत नव्हे, पाच एजन्सींत. वाटलं, पाच जण शोधतील तर पाचपट लवकर मिळेल. मग घरी बसून राहिलो. उगाच फोन करून त्यांना कशाला त्रास, काही असेल तर कळवतीलच. दोन महिने कुणी कळवलं नाही. आणि जेव्हा हललं, तेव्हा एकाच आठवड्यात दोन एजन्सींनी माझा अर्ज कवळ्या बनवणाऱ्या एकाच लॅबला पाठवला. लॅबने दोन्ही अर्ज बाजूला ठेवले. हा माणूस आणला कोणी, यावरून दोघींशी वाद घालत कोण बसणार?

त्यातल्या एका एजन्सीतल्या मुलीने मला बोलावून घेतलं. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बसायला खुर्ची दिली आणि मग चांगलं धुतलं. "काका, पाच ठिकाणी नाव घातलंत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? आणि फोन का नाही करत? तुम्ही गप्प, म्हणजे आम्ही समजतो काकांना कुठेतरी लागली." मी म्हटलं, त्रास नको म्हणून. "द्या की त्रास! दर सोमवारी अकरा वाजता द्या." मग ठरलं, की मला विचारल्याशिवाय तिने माझा अर्ज कुठे पाठवायचा नाही, आणि तिने पाठवला तिथे मी दुसऱ्या कुणातर्फे जायचं नाही. बाकी चौघांना मी तसं कळवलं. पहिल्या सोमवारी तीनदा नंबर लावून फोन ठेवला. चौथ्या सोमवारी आम्ही तिच्या स्कूटरच्या ब्रेकबद्दलही बोललो.

अर्जात नोकरी सोडण्याचं कारण विचारतात. मी लिहिलं होतं, दवाखाना बंद. तिने विचारलं, का बंद? म्हटलं, मालकीणबाई गेल्या. कुठे गेल्या? मी तिच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत राहिलो. मग सांगितलं, वारल्या. आणि मग, त्या माझी बायको होत्या. तिने अर्ज खाली ठेवला. मग म्हणाली, "हे आधी सांगायचंत ना, काका. लॅबवाले विचारणारच, बावीस वर्षं एका जागी काम केलंत तर तिथला नंबर द्या. आता डॉक्टर नाहीत, तर पेशंटचा देऊ." तुझी आई घरी माझ्याशी हसून बोलायची, पण दवाखान्यात एक दात जास्त पांढरा दिसला तर अख्खी कवळी परत पाठवायची. तिच्यासारखी पारख करणारं आता कोण? मला तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आठवल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची कवळी मी केली होती, आणि बोलताना शीळ वाजते म्हणून त्यांनी ती तीनदा परत आणली होती.

या वेळी लॅब दुसरी होती. तिथल्या प्रमुखांनी बाईंना फोन करून माझं काम कसं आहे ते विचारलं. बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं झाली, तुम्ही माझं बोलणं ऐकताय. एक तरी अक्षर घसरलं का? दात त्यांनीच केलेत." आणि फोनवर आधी आपलं नाव सांगायची पद्धत असते म्हणून त्यांनाच झापलं म्हणे!

काल चाचणी होती. एजन्सीतल्या मुलीने आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं, की तिथल्या प्रमुखांना काम करताना बडबडणारी माणसं खपत नाहीत. "जमेल ना, काका?" मी इतक्या मोठ्याने हसलो की ती दचकली. वरचे पुढचे सहा दात मेणात बसवून दाखवायचे होते. दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. फार छान वेळ गेला. शेवटी प्रमुख भिंगातून बघत म्हणाले, हा सुळा किंचित फिरलाय, मुद्दाम? म्हटलं, मुद्दाम. खऱ्या माणसाचे दात इतके सरळ नसतात, हे मला आमच्या डॉक्टरांनी शिकवलं. ते म्हणाले, सोमवारपासून या.

आज सह्या करताना एक कागद आला, अडीअडचणीला कुणाला कळवायचं. हात सवयीने तुझ्या आईचं नाव लिहायला लागला. दोन अक्षरं झाली होती. ती खोडून तुझं नाव आणि नंबर लिहिला. उद्या तिथून फोन आला तर तू गोंधळू नयेस, म्हणून तुला खरं सांगणं भाग आहे. आई गेली त्या आठवड्यात तुझ्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी शोधताना मला तुझा राजीनामा दिसला. सही केलेला, फक्त तारीख घालायची राहिलेली. सहा वर्षं राबून मिळवलेली जागा सोडून तू माझ्याजवळ राहायला येणार होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी ते नवे डॉक्टर जन्माला घातले. तो कागद अजून असेल तर फाडून टाक. माझ्यावर रागाव हवं तर, पण रविवारी फोन कर. आता मला सांगायला खरं काहीतरी आहे. सोमवारच्या शर्टाचं एक बटण तुटलंय. चष्मा लावून ते शिवायला बसतो.

तुझाच,
बाबा