झाकणावरचं कुंकू

प्रिय दादा,

आज सकाळी तुझं गवत कापायचं मशीन फाटकापासून पेरूच्या झाडापर्यंत गेलं. न थांबता! मी झाडापाशी पोचले आणि तिथंच रडत उभी राहिले. गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आले. आता हस तू मला. पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

आठवतं ना, कसं बंद पडायचं ते? दोन चकरा झाल्या की घरघर करायचं आणि गप्प. मग तू पायरीवर बसून नॅपकिननं मान पुसायचास, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरू.

"पडलं का बंद?"

"आगं मॅडम, मशीन दमलंय. जरा इसावा घिऊ दे की त्येला."

"मशीन दमत नाही, दादा. माणसं आळशी असतात."

"व्हय व्हय! तुज्या शाळंत मशीनलाबी छड्या मारत असतील."

तुझी ही भाषा सुधारायला मी काय कमी झटले? आबांनी मला नन्सच्या शाळेत घातलं आणि तू दहिवडीच्या शाळेतून थेट पलटणीत गेलास. त्यात तुझा काय दोष होता? तरी मी आयुष्यभर तुझे शब्द दुरुस्त करत राहिले.

पलटणीत तू साहेबांच्या मेसचं लॉन कापायचास, पण त्यावर बसायला तुला कधी मिळालं नाही. म्हणून सांगलीत घर बांधताना खोल्यांच्या आधी हिरवळीची जागा आखलीस. "आपल्या माण तालुक्यात शेळ्यांना पाला मिळत नाही आणि तू गवताला पाणी पाजतोस! लाज नाही वाटत?" मी विचारलं. "न्हाई," म्हणालास, आणि पाइप धरून उभा राहिलास. कुपवाडच्या एका कारखान्यानं आवारात फरशी घातली, तेव्हा त्यांचं हे जुनं मशीन तू घरी आणलंस. नव्या नवरीचं करावं तसं कौतुक केलंस त्याचं!

त्याच्याबरोबर इंग्रजी माहितीपुस्तिका होती. ती घेऊन तू माझ्याकडे आलास. "वाच की गं जरा. ह्ये का बंद पडतंय, त्यात लिवलं असंल." मी वाचली का? मी लाल पेन घेतलं आणि त्यातल्या इंग्रजीच्या चुका काढल्या. पानभर लाल रेघा मारून ती तुला परत दिली. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुस्तिका खिळ्याला अडकवलीस. ते बघणं मला आज आठवतं. तेव्हा कसं दिसलं नाही?

तू गेल्यावर गवत गुडघ्यापर्यंत आलं. शेजारचे साप निघेल म्हणायला लागले. तुझी सुमी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आत्या, ते मशीन भंगारात दे आणि माळी लाव." मला असा राग आला! बापाचं मशीन भंगारात? पदर खोचला आणि बसले त्याच्यापुढं.

टाकीतल्या पेट्रोलला रॉकेलसारखा वास येत होता. ते काढून ताजं भरलं. प्लग काजळीनं काळा झाला होता, तो घासला. फिल्टरचा स्पंज साबणानं धुऊन वाळवला. प्लगची वायर काढून मशीन कलतं केलं, तर पात्याभोवती जुनं गवत शेणासारखं थापलेलं. तेही खरवडलं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, पण सुरू झालं. आणि दोन चकरांत बंद! अगदी तुझ्या वेळेसारखं.

तेव्हा मी ती पुस्तिका खिळ्यावरून काढली. माझ्याच लाल रेघांखाली लिहिलं होतं: थोडं चालून बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणातलं बारीक भोक बुजलंय का बघा. आत हवा जायला वाट नसेल, तर पेट्रोल खाली उतरत नाही.

झाकणावर काय होतं, दादा? कुंकू! दरवर्षी खंडेनवमीला तू हत्यारं मांडायचास. कुदळ, विळा, पाना आणि हे मशीन. "डोस्क्याला लाव गं त्येच्या," म्हणायचास. मला ते सगळं थोतांड वाटायचं. म्हणून मी मुद्दाम हळदकुंकवाचा ओला गोळा करून झाकणावर थापायची. "घे, झालं तुझं समाधान?" वर्षावर वर्षाचा थर बसून त्याचा खडा झाला होता आणि भोक बुजलं होतं. टाचणीनं टोकरून काढलं आणि मशीन सरळ चालायला लागलं.

इथवर मी फक्त ओशाळले होते. पेरूच्या झाडाशी दुसरंच आठवलं. पायरीवरून उठलास की दोरी ओढायच्या आधी तू झाकण सैल करायचास. फुस्स करून आवाज यायचा. मी खिडकीतून कितीदा ऐकलाय! म्हणजे तुला ठाऊक होतं. डोळे बांधून रायफल खोलणाऱ्या माणसाला एक भोक साफ करता आलं नसतं? तू ते मुद्दाम ठेवलंस. बसायला कारण हवं होतं तुला. स्वतः दमलोय म्हणायची या घरात सोय नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय कितीतरी महिने थकलेलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमीनं मला विचारलं, "आत्या, बाबांना दम लागायचा का गं?" मी म्हटलं, "छे! मशीनच बंद पडायचं." तिनं विश्वास ठेवला.

का नाही सांगितलंस रे? एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर! पण मी काय म्हटलं असतं, ते तुला माहीत होतं. मलाही माहीत आहे.

आणि ऐक. आज झाडापाशी रडताना मलाही धाप लागली होती. ही पहिली वेळ नव्हे. सुमी दर रविवारी विचारते, "आत्या, कशी आहेस?" मी सांगते, "ठणठणीत."

दादा, या रविवारी मी तिला दोन्ही गोष्टी सांगणार आहे. तुझी आधी, मग माझी. तिनं मला काहीही बोलावं, मी तिचं एक वाक्य दुरुस्त करणार नाही. खंडेनवमीला कुंकू लावीन, पण दांड्याला, आणि बोटानं. आणि दमले की चालतं मशीन स्वतः बंद करून गवतावर बसेन.

तुझी मॅडम,
शालन