मंगलाच्या स्कूटरचा पट्टा

वीज केंद्र वसाहत, एकलहरे
रविवार, २८ डिसेंबर १९८६

तीर्थरूप झुंबरमामांना सगुणाचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मालनमामींनी दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावता की तुमच्या शेडमधल्या यंत्रमागाला, असं आईने मुद्दाम विचारायला सांगितलं आहे. इकडे आम्ही मजेत. दादांची कोळशाच्या पट्ट्यावरची पाळी आता सकाळची झाली आहे, त्यामुळे दुपारी घरात शांतता असते (ते झोपतात आणि आम्हाला खोकण्याचीही परवानगी नसते).

पत्राला खास कारण काही नाही. पण एका अन्यायाबद्दल कुणाला तरी लिहायला हवं होतं आणि घरातलं कुणी ऐकून घेत नाही. सुरुवातीलाच स्पष्ट करते की मला मंगलाचा मत्सर वाटत नाही. मंगला म्हणजे आमच्या शेजारची, नाथाभाऊंची बायको. ती दहावीला गणितात दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिथेच राहिली, मी मात्र आपल्या घरातली पहिली पदवीधर, तीही भौतिकशास्त्राची. तेव्हा मत्सराचा प्रश्नच येत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. येत्या शनिवारी, सावित्रीबाईंच्या जयंतीला, वसाहतीत बायकांची स्कूटर शर्यत आहे, कल्याण केंद्रापासून पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत. मी चार महिने दादांच्या जुन्या स्कूटरवर शिकले. डाव्या हाताने क्लच दाबायचा, त्याच मनगटाने मूठ फिरवून गिअर टाकायचा, तोवर उजव्या हाताने वेग कमी करायचा. माझं मनगट भज्यासारखं फुगलं, पण मी मागे हटले नाही. बाईने यंत्रावर ताबा मिळवायचा तो असा, कष्टाने, असं माझं मत आहे. आणि मंगलाकडे नाथाभाऊंनी काय आणलं, तर गिअर नसलेली नवी स्कूटर. बटण दाबायचं, मूठ पिळायची, निघायचं. शर्यतीची नावं द्यायलासुद्धा शर्यत भरवणाऱ्या चिमाजीभाऊंकडे तीच गेली (स्कूटर असली की माणूस सगळीकडे जातो), माझंही नाव मी तिच्याकडेच दिलं होतं.

सरावाच्या वेळी मी चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मधेच अडकले आणि गाडी बंद पडली. तेवढ्यात ती शेजारून गेली. पुढे मेथीची पिशवी, तोंडात पान. मामा, सगळ्यात चीड कशाची येते सांगू? तिच्या इंजिनाचा आवाज एकाच सुरात चालू राहतो आणि वेग तेवढा वाढत जातो. कष्ट झाल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

म्हणून मी शर्यतीच्या समितीला दोन पानी अर्ज केला की गिअर नसलेल्या गाडीला बंदी असावी, कारण स्पर्धा ही श्रमाची असते. चिमाजीभाऊ अध्यक्ष. ते म्हणाले, “आधी त्या गाडीत काय हाय ते समजावून सांग, मग बघू.” मी कल्याण केंद्रात सर्वांसमोर समजावून सांगितलं. घरातली चार नरसाळी नेली, निमुळती टोकं समोरासमोर ठेवून दोन जोड्या केल्या, त्यांमधल्या खाचांवरून आईच्या परकराची नाडी पट्टा म्हणून फिरवली. एका जोडीतली नरसाळी जवळ आणली की पट्टा वर चढतो, दुसऱ्या जोडीतली लांब सरकतात आणि तिथे तो खाली उतरतो, असं होत होत वेग बदलतो. हॉलंडमध्ये वीस वर्षांपूर्वी अशाच पट्ट्याची मोटार शर्यतीत पळवली होती, हेही सांगितलं (वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं, सांगितल्यावाचून राहवलं नाही). सगळ्यांना इतकं चांगलं समजलं की टाळ्या पडल्या. चिमाजीभाऊ म्हणाले, “म्हंजे गिअर नाहीत असं नाय. मोजता येत नाहीत इतके हायेत. मग बंदी कशाची?” अर्ज नामंजूर. वर ऐकायला बसलेली गोजराबाई उठून विचारती झाली की ही गाडी नाशकात गंगापूर रोडला मिळते की शालिमारला.

मग शत्रूचं यंत्र जवळून अभ्यासावं, म्हणून गुरुवारी मी मंगलाकडे स्कूटर मागितली. ती जरा तरी कां कूं करेल अशी माझी इच्छा होती. पण म्हणाली, “ने की गं, इचारायचं काय त्यात. किल्ली खिळ्यालाच हाय.” टाकीच्या चढावर मी आठ फेऱ्या मारल्या. आता गिअर बदलायचा नाही हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. दर वीस पावलांवर डाव्या हाताने क्लच दाबला, आणि त्या गाडीला त्या जागी मागचा ब्रेक असतो. उजव्या हाताने वेग, डाव्याने ब्रेक. आठव्या फेरीला रबर जळाल्याचा वास आला आणि पट्टा तुटला. चार महिन्यांच्या कष्टाचं हे फळ. गाडी ढकलत आणली. मंगला रागावली नाही. फक्त दोनदा म्हणाली, “आता कसं करायचं, शनिवार आला की.” तिला शर्यतीची एवढी हाव असेल असं वाटलं नव्हतं. नव्या पट्ट्याला दुकानदार दहा जानेवारी सांगतो. म्हणजे माझा मार्ग मोकळा आहे, आणि मला तीन दिवस जेवण जात नाही.

मामींना जयभीम. गुडघ्याची काळजी घ्या.

आपली भाची,
सगुणा

ता. क. : तुटलेला पट्टा सोबत पाठवते आहे. दादांनी मापून पाहिला, ते म्हणतात असं माप मालेगावात सापडलं तर झुंबरलाच सापडेल. शेडमध्ये नसेल तर आग्रा रोडवरच्या दुकानांत बघा आणि गुरुवारच्या एसटीने कंडक्टरच्या हाती द्या. आईला कळवू नका.

आणखी एक : पत्र बंद करता करता कल्याण केंद्रात यादी लागल्याचं कळलं, म्हणून जाऊन आले. मंगलाचं नाव यादीत नाहीच. माझं आहे, आणि पुढे वाहनाच्या रकान्यात तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात तिच्या स्कूटरचा नंबर. विचारलं तर म्हणाली, “तुझं मनगट सुजलेलं. म्हटलं ऐन वेळी सांगू. मला कुठं पळवायचीय, मला मेथीला लागती.” म्हणजे माझा अर्ज मंजूर झाला असता तर बाद मीच झाले असते. मामा, पट्टा पाठवाच. याही बाबतीत ती माझ्या पुढे गेली, आणि तेही गिअर न बदलता.