जावयाचं पहिलं कार्ड

मालेगाव (जि. वाशीम), ४ जुलै २०२५

चि. टीनास अनेक आशीर्वाद व जय जिनेंद्र.

तुझी चिठ्ठी मिळाली. इंटरपोलची नोटीस रद्द झाली म्हणतेस, पण सांगितलं कोणी? मी दुकानदार माणूस, माल बघितल्याशिवाय पावती फाडत नाही. नवऱ्याला न सांगता तू अंजूला घेऊन बेल्जियमहून निघून आलीस, राजपालने तिथे पोरगी पळवल्याची तक्रार केली, तेव्हापासून दुकानापुढे जीप थांबली की माझ्या हातचं माप सांडतं. शेजारच्या रामीबाई परवाही विचारत होत्या, टीनाले पकडाले फॉरेनचे पोलीस येऊन राह्यले काय म्हणून! लेखी पुरावा धाड. तोवर विमानाचं नाव काढू नकोस.

तुझ्या वकीलबाईंनी फोनवर बोलायला मनाई केल्यापासून पत्रांची सवय लागली आहे, ती मोडू नकोस. अंजूला पापा. जीव तुझ्यातच आहे.

केशरीचंद

पुणे, १३ जुलै

ती. बाबा व आई यांस सा. न.

पुरावा सोबत आहे. वकीलबाईंनी इंटरपोलच्या फ्रान्समधल्या मुख्य कार्यालयाला विचारलं होतं. माझ्या नावाची नोटीस काढून टाकली, असं लेखी उत्तर आलं. वाचून मी स्वयंपाकघरातच खाली बसून रडले. अंजूने पाणी आणून दिलं.

राजपालने तक्रार मागे घेतली म्हणून हे झालं. मागच्या भाद्रपदात, संवत्सरीच्या माफीच्या दिवसानंतर, त्याला आपल्या घरचं क्षमापनेचं कार्ड मिळालं होतं. कळत-नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्, खाली तुमचं छापील नाव. ज्यांच्या लेकीला आपण गुन्हेगार ठरवलं तेच माफी मागतात, याची त्याला लाज वाटली म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत अंजूला तिकडे नेऊन भेटवायचं ठरतंय.

बाबा, एवढं मोठं मन केलंत आणि मला बोलला नाहीत! लोभ आहेच, आता अभिमानही आहे.

टीना

मालेगाव, २१ जुलै

चि. टीनास आशीर्वाद.

कागद वाशीमला नेऊन ओळखीच्या वकिलांना दाखवला. अस्सल आहे. येताना बसमध्ये गाढ झोपलो, कितीतरी दिवसांनी.

पण मन-बिन मी काही मोठं केलेलं नाही. त्या माणसाची माफी आणि मी मागू? हा पराक्रम तुझ्या आईचा, पाकिटांवर पत्ते तीच घालते. विचारलं तर म्हणते, जावयाचं कार्ड पयलं राह्यते, हात आपसूक गेला, तुमी भांडले म्हणून तो जावई नाई राह्यला काय! मी अबोला धरला, तर तिला तो कळलाही नाही. राजपालला स्पष्ट सांग, ते कार्ड चुकून आलं.

जा, पण उतरल्याबरोबर कळव. इथे दोन म्हातारे वाट बघतील.

केशरीचंद

अँटवर्प (बेल्जियम), २६ ऑक्टोबर

ती. बाबा व आई यांस सा. न.

सुखरूप उतरले. पासपोर्ट पुढे केला, तो लेखी कागद हातात तयार ठेवला होता. अधिकाऱ्याने शिक्का मारला, अंजूकडे बघून हसला, आणि झालं! राजपाल बाहेर उभा होता. अंजू आधी माझ्यामागे लपली, घरी पोचेपर्यंत त्याच्या खांद्यावर झोपली. आम्हा दोघांचं काय व्हायचं ते होईल, पोरीला तिचा बाप मिळाला.

काळजी सोडा. माया अशीच राहू द्या.

टीना

ता. क. बाबा, तुमचा निरोप मी त्याला सांगितला नाही. त्याच्या टेबलावर दोन कार्डं आहेत. मागच्या वर्षीच्या पाकिटावर आईचं अक्षर. यंदाच्या पाकिटावर तुमचं, पोत्यांवर नाव घालता तसं ठळक. आत छापील माफीखाली तुम्ही शाईने लिहिलंय, 'हे चुकून नाही.'