साक्षीदार क्रमांक एक

राहुरी,
रविवार, भर दुपार

ती. स्व. रंगुआक्कास,
धाकट्या बन्सीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि ती मारकी जर्सी गाय, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (गाईचं नाव शेवटी घेतलं म्हणून रागावू नकोस. तुला ज्या क्रमानं काळजी असते त्याच्या उलट लिहिलंय.) माझी शुगर थोडी वाढली आहे आणि झोप थोडी कमी झाली आहे. झोपेचं कारण सांगायलाच हे पत्र.

जयाबाईंबद्दल तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असणार, म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुझी भावजय साळू जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या श्रावणात मोतीबिंदूच्या शिबिरात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यांच्या डाव्यावर. जिना उतरताना जपा म्हणून सांगितलं होतं, तर आम्ही दोघांत मिळून दोन डोळ्यांनी जिना उतरलो. त्याच या जयाबाई. शिवणकाम करतात, एकट्या राहतात. त्यांचे मालक भिमाजी मास्तर अकरा वर्षांपूर्वी मुळा धरणात पोहायला उतरले, ते तिसऱ्या दिवशी सापडले. (ओळख जयाबाईंनीच पटवली आणि अग्नी त्यांच्या डोळ्यांदेखत दिला. हे मुद्दाम लिहितोय.)

मी लग्नाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "लगीन एकदा झालं. परत हळद लावून घ्यायची न्हाई मला. ऱ्हायचं तर ऱ्हाऊ, पन कागद करून. उद्या तुमी पडला तर दवाखान्यात मला कुनी इचारू नये, बाई तू कोन म्हनून." म्हणून आम्ही वकीलबाई गाठल्या. मोनिकाताई नाव, तुझ्या नातीच्या, रुपालीच्या वयाची पोरगी, पण हसली नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचा करारनामा करतात म्हणे. घर माझं ते माझंच, शिलाईमशीन त्यांचं ते त्यांचंच; आजारपणात एकमेकांच्या सह्या चालाव्यात; कुणाला निघून जावंसं वाटलं तर महिनाभर आधी सांगावं. (साळू असती तर हे कलम तिनं दररोज वापरलं असतं.) नववं कलम जयाबाईंनी सांगून घालून घेतलं: मास्तरांचा फोटो भिंतीवर राहील. मी मान डोलावली. फोटोनं माझं काय बिघडणार होतं?

कागदावर दोन साक्षीदार लागतात, दोघांच्या बाजूनं एकेक. (माझ्या बाजूचं शेवटी सांगतो.) जयाबाईंच्या बाजूनं त्यांच्या शेजारचा कल्याण येणार होता. आम्ही कचेरीबाहेर टायपिंगवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. बारा वाजले, साडेबारा वाजले. कल्याणचा फोन आधी लागेना, मग बंद. (घरात पोरीची सोयरीक चाललीय, त्यात असल्या कागदावर नाव नको, हे त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.) वकीलबाई आत कोर्टात, टायपिंगवाला डबा खायला घरी, जयाबाई झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं. शेडमध्ये मी एकटा. ऊन असं, की पत्रा तडतड वाजत होता. तो एकाएकी वाजायचा थांबला.

समोर एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, केस ओले, आत्ताच डोक्यावरून पाणी घेऊन आल्यासारखे. म्हणाले, "साक्षीदार पायजे ना? मी करतो." मला वाटलं, कल्याणनं पाठवलं. त्यांनी करारनामा हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. मग म्हणाले, "तिला उन्हात जास्त उभं करू नका. चक्कर येती. सांगायची न्हाई ती." मी बरं म्हणालो. त्यांनी डाव्या हातानं सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि निघाले. पेन बर्फासारखं गार होतं. वळून पाहतो तर रस्ता मोकळा, आणि फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. आत येतानाचे, आक्का. जातानाचे नव्हते.

जयाबाई आल्या. कागद पाहिला आणि खाली बसल्या. शेवटी एका झटक्यात उजवीकडून डावीकडं ओढलेली शिरोरेघ, तिच्याखाली टिंब. "ह्यांची सही हाय," एवढंच म्हणाल्या. मी पाणी दिलं, त्यातलं निम्मं त्यांच्या पदरावर सांडलं.

वकीलबाई म्हणाल्या, कुणीतरी खोडी केली असेल, नवा कागद करू. जयाबाईंनी कागद छातीशी धरला आणि कुणाला हात लावू दिला नाही. त्या घरी गेल्या आणि चार दिवस त्यांचा फोन नाही. मला वाटलं, संपलं. चार दिवस मी उपाशी होतो म्हणालो तर खोटं होईल, पण भाकरी गोड लागली नाही. पाचव्या दिवशी दाराशी टेम्पो. त्यात शिलाईमशीन, एक पेटी आणि मास्तरांचा फोटो. म्हणाल्या, "अकरा वर्सं ह्यांच्या फोटूला रोज इचारत हुते, मी एकटीच ऱ्हाऊ का म्हनून. आता इचारायचं ऱ्हायलं न्हाई."

तेव्हापासून आम्ही सुखात आहोत. फक्त दुपारी बाराच्या सुमाराला ओसरीवरची खाट एका बाजूला दबते आणि चादरीवर ओल उमटते. जयाबाई तिथं टॉवेल अंथरतात. मी दुसऱ्या टोकाला बसून चहा पितो. (परवा मी त्यांना शिळ्या भाजीवरून जरा चढ्या आवाजात बोललो, तर कपातला चहा एकदम गार झाला. तेव्हापासून मी हळू बोलतो. जयाबाई म्हणतात, तुमचा स्वभाव फार गोड आहे.)

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बन्सी

ता. क. : तू माझा फोन उचलत नाहीस हे मला कळतं. "ती बाई घरात आली तर माझा भाऊ मेला" असं तू जावेपाशी म्हणालीस, तेही कळलं. पण दुसऱ्या साक्षीदाराची जागा अजून कोरी आहे. माझ्या बाजूनं सही करायला मी अजून कुणालाच विचारलेलं नाही.

ता. क. २ : एक मेलेला माणूस भर उन्हात येऊन सही करून गेला, आक्का. तू तर तासाभराच्या वाटेवर, घोडेगावलाच आहेस.